शब्द सापडतो, पण राहत नाही

पत्र थोडक्यात असं: बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणारे एक वाचक, वय 26, सिव्हिलचा डिप्लोमा. हायस्पीड रेल्वेच्या रुळांच्या कामात जपानी मंडळींशी गाठ पडेल, म्हणून जपानी शिकताहेत. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची सर्वांत खालची पातळी, एन-5, पास झाली, आता डिसेंबरात तिच्यावरची एन-4. ते लिहितात, "फोनमध्ये डिक्शनरीची तीन अ‍ॅपं आहेत. शब्द क्षणात सापडतो, पण आठवड्यानं तोच शब्द समोर आला की 'हा पाहिलाय' एवढंच आठवतं, अर्थ नाही. सर म्हणतात, कागदाची डिक्शनरी घे. बाबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड जपानी-इंग्रजी कोश आणलाय, तो ए-बी-सी-डीच्या क्रमानं लावलेला आहे. ओळखीतले एक जण जपानहून आणलेलं कॅसिओचं डिक्शनरीचं यंत्र नऊ हजारांना देताहेत. काय घेऊ?"

यंत्र घेऊ नका. बाबांचा कोश ठेवा, पण रोजच्या अभ्यासाला वापरू नका. फोनमधलं एक अ‍ॅप ठेवून दोन काढून टाका. आणि जपानी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठी काढलेली, काना (जपानी उच्चारलिपी) क्रमाची, कांजीवर (चिनी मूळच्या चित्राक्षरांवर) फुरिगाना (बारीक काना अक्षरांत उच्चार) असलेली एक मध्यम आकाराची छापील डिक्शनरी घ्या. तुमची खरी तक्रार मात्र या खरेदीनं सुटणार नाही. ती शब्द सापडल्यानंतरच्या दोन मिनिटांत सुटते, आणि त्या दोन मिनिटांत तुम्ही सध्या काहीच करत नाही आहात.

बाटिया लाउफर आणि यान हुल्स्टाइन या दोन अभ्यासकांनी 2001 साली एक साधी मांडणी केली. नवा शब्द डोक्यात किती टिकेल हे तीन गोष्टींवर अवलंबून असतं: त्याची गरज किती पडली, तो शोधावा किती लागला, आणि दिसलेल्या अर्थांतला आपल्या वाक्याला कोणता लागतो हे किती तोलावं लागलं. फोन दुसरी गोष्ट जवळजवळ संपवतो आणि तिसरी टाळायची सोय करून देतो. पहिल्या ओळीतला पहिला अर्थ वाचला की बोट परत धड्यावर. कागद शोधायला लावतो म्हणून त्याची कीर्ती, पण कागदावरही पहिलाच अर्थ वाचून पान मिटणारे पुष्कळ असतात. त्यांचंही तुमच्यासारखंच होतं.

आता जपानीपुरतं बघू, कारण फ्रेंच-जर्मनवाल्यांचा सल्ला इथे अर्धाच लागू पडतो. त्यांना शब्द दिसला की निदान कुठल्या पानावर असेल ते कळतं. तुम्हाला कांजी दिसली आणि उच्चार माहीत नसला तर काना क्रमाचा कोश मुका आहे. छापील कांजीकोशात शोधायचं तर आधी मूलचिन्ह ओळखायचं. ही चिन्हं परंपरेनं 214 आहेत. मग उरलेल्या रेघा मोजायच्या, मग यादीत शोधायचं. 'एकी' म्हणजे स्टेशन, त्याची कांजी 14 रेघांची. डावीकडे 10 रेघांचं 'घोडा' हे मूलचिन्ह आणि उजवीकडे 4 रेघा. स्टेशनात घोडा कुठून आला? पूर्वी हा शब्द टप्प्याटप्प्यावर घोडे बदलायच्या नाक्याचा होता. अशा प्रकारे शोधलेली कांजी विसरत नाही हे खरं, पण एका परिच्छेदात अशा 15 असतील तर संध्याकाळ त्यातच जाते. म्हणून कांजीचा उच्चार काढणं हे काम बिनदिक्कत फोनला द्या. फोनच्या कीबोर्डात जपानी भाषा जोडताना हस्तलेखनाचा पर्याय निवडा आणि बोटानं कांजी काढा. रेघांचा क्रम नीट असेल तर ओळख पटकन होते. कॅमेऱ्यानं पान टिपायची सवय शक्यतो लावू नका. तो सबंध वाक्याचं भाषांतर पुढ्यात टाकतो, मग शब्दाकडे कोणी बघत नाही.

उच्चार मिळाला की फोन उलटा ठेवा आणि अर्थासाठी छापील डिक्शनरी उघडा. आमच्या सल्ल्याचं सार एवढंच आहे: उच्चार फोनवर, अर्थ कागदावर.

कागदाला घाबरायचं कारण तुम्हाला तर मुळीच नाही. जपानी काना क्रम म्हणजे अ इ उ ए ओ, आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपल्या वर्णमालेशेजारी ठेवून बघा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपीचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम तिकडे बसला. 'सा' आहे तो आपल्या च-वर्गाच्या जागी आणि 'हा' आहे तो प-वर्गाच्या जागी, कारण या अक्षरांचे जुने उच्चार त्या जागेला साजेसे होते. पहिलीत घोकलेला क्रम इथे फुकटात कामाला येतो. क्लासमधल्या गुजराती सोबत्यांनाही सांगा, त्यांचाही कक्को तोच.

अडतं ते पुढे. जपानीत ग हे स्वतंत्र अक्षर नाही, ते 'का'वर दोन टिंबं देऊन होतं, म्हणून कोशातही ते क मध्येच मिसळलेलं असतं. 'गाक्को' म्हणजे शाळा. ती ग शोधून मिळणार नाही. कोश तिला का-त्सु-को-उ असं वाचतो, कारण जोडाक्षर दाखवणारा छोटा त्सु क्रमात पूर्ण त्सु धरला जातो. तसेच झ स मध्ये, द त मध्ये, ब आणि प दोन्ही ह मध्ये. 'पान' म्हणजे पाव हवा असेल तर हा-न् इथे जा. तिथे हान, बान, पान असे तिघे याच क्रमानं उभे असतील. (आपला पाव आणि त्यांचा पान, दोघेही पोर्तुगीजांकडूनच आलेले.) काताकाना (परक्या शब्दांसाठीची काना) शब्दांतली लांबीची आडवी रेघ बहुतेक कोश आधीच्या स्वराप्रमाणे वाचतात, म्हणजे कॉफी को-ओ-हि-इ अशी लागते. एवढे नियम कळले की आठ-दहा दिवसांत शब्द अर्ध्या-पाऊण मिनिटात सापडू लागतो.

रोमन क्रमाचा कोश नको म्हणतो तो याच कारणानं. त्यात लांब-आखूड स्वरांचा घोळ होतो आणि डोळ्याला काना लिपीची सवयच लागत नाही. फोनवरही रोमन टंकू नका. 'के-आय-एन-ई-एन' असं टंकलंत तर फोन 'किनेन' म्हणजे स्मरण, स्मारक असं दाखवेल. तुम्हाला हवा असतो 'किन्-एन', धूम्रपान निषेध. त्यासाठी एन दोनदा द्यावा लागतो. बारा बटणांचा काना कीबोर्ड बसवा. पहिले तीन-चार दिवस जीव खातो, मग हात बसतो.

क्रियापदांच्या बाबतीत कागदाचा आणखी एक फायदा आहे, तो कोणी सांगत नाही. चांगलं अ‍ॅप 'योन्दे' टाकलं तरी मूळ रूप ओळखून दाखवतं. छापील कोशात 'योन्दे' नाहीच, मूळ रूप तुम्हालाच काढावं लागतं. आणि ते दोन निघतात: योमु (वाचणे) आणि योबु (बोलावणे). वाक्याकडे परत जाऊन ठरवावं लागतं. 'इत्ते' आलं तर इकु (जाणे), इउ (म्हणणे) किंवा इरु (लागणे, हवं असणे). 'कात्ते' आलं तर काउ (विकत घेणे), कात्सु (जिंकणे), किंवा पाळणे या अर्थाचा दुसरा काउ. एन-4 चं निम्मं व्याकरण या उलट्या प्रवासात आहे. तो अ‍ॅपला करू दिलात तर परीक्षेत तो कोण करणार? तिथे फोनही नाही आणि डिक्शनरीही नाही.

आता त्या दोन मिनिटांकडे येऊ. एक वही घ्या, आडव्या रेघांची, दोनशे पानी. अर्थ इंग्रजीत लिहू नका, मराठीत लिहा. हे भाषाप्रेमातून सांगत नाही, हिशेबानं सांगतो. काही बाबतींत जपानीचं वळण इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचं आहे, आणि इंग्रजी अर्थावरून गेल्यामुळे चुका होतात.

'काकेरु' घ्या. कोशात याला दहा-पंधरा अर्थ असतात आणि इंग्रजीत प्रत्येकाला वेगळं क्रियापद. विद्यार्थी हबकतो. मराठीत बघा: मेगाने ओ काकेरु, चश्मा लावणे. कागि ओ काकेरु, कुलूप लावणे. देन्वा ओ काकेरु, फोन लावणे. ओन्गाकु ओ काकेरु, गाणी लावणे. जिकान ओ काकेरु, वेळ लावणे. पाचही ठिकाणी आपलं 'लावणे' चपखल बसतं. पुढे मात्र गाडी अडते. मिझु ओ काकेरु म्हणजे पाणी ओतणे किंवा उडवणे, कोशी ओ काकेरु म्हणजे बसणे, आणि गणितात काकेरु म्हणजे गुणणे. जिथे अडते तेवढंच वेगळं लक्षात ठेवायचं. पंधराचं ओझं तीन-चारांवर येतं. पण फोनवर पहिल्याच अर्थावर थांबलेल्या माणसाला ही गंमत दिसतच नाही. त्यासाठी सगळी नोंद एका नजरेत हवी, आणि तिथे छापील पान जिंकतं.

दुसरं, जोड्या. इंग्रजी 'ब्रेक' म्हटलं की मोडणे आणि मोडून टाकणे दोन्ही त्यात येतं. जपानीत ही दोन क्रियापदं आहेत, जशी आपल्याकडे पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, फुटणे-फोडणे. ओचिरु म्हणजे पडणे, ओतोसु म्हणजे पाडणे. देरु म्हणजे निघणे, दासु म्हणजे काढणे. शिमारु म्हणजे दार आपसूक लागणे, शिमेरु म्हणजे आपण ते लावणे. जपानी गाडीत दारं लागताना जी सूचना होते तिच्यात शिमारु असतो, 'दोआ गा शिमारिमासु'. एन-4 मध्ये या जोड्यांवर प्रश्न हमखास असतात. वहीत एक शब्द आला की त्याचा जोडीदार त्याच ओळीत लिहा, नाहीतर नंतर दोघांची सरमिसळ होते.

तिसरं, विभक्तीचा प्रत्यय. 'वाकारु'चा अर्थ इंग्रजीत वाचलात तर कर्माला 'ओ' लावावासा वाटतो आणि वाक्य चुकतं. मराठीत 'मला जपानी कळतं' असं लिहा. कळतं ते कर्ता, आपण नुसतेच 'मला'. म्हणजे 'निहोन्गो गा वाकारु', तिथे 'गा'च हवा. 'सुकी'चंही तसंच: 'मला चहा आवडतो'. आवडतो तो चहा, म्हणून 'ओचा गा सुकी'. क्रियापद एकट्यानं कधीच लिहू नका, आधी येणाऱ्या प्रत्ययासकट लिहा.

तर वहीतली ओळ अशी भरते: काना लिपीत शब्द, शेजारी कांजी, क्रियापद असेल तर गट (जपानी क्रियापदांच्या दोन मुख्य गटांपैकी गोदान की इचिदान), प्रत्यय, जोडीदार, मराठी अर्थ, आणि खाली ज्या वाक्यात तो भेटला ते वाक्य. गट का लिहायचा? काएरु म्हणजे परतणे हे गोदान, त्याचं 'काएत्ते' होतं. काएरु म्हणजे बदलणे हे इचिदान, त्याचं 'काएते'. किरु म्हणजे कापणे 'कित्ते', किरु म्हणजे अंगात घालणे 'किते'. ऐकायला सारखी, वागायला निराळी. आणि हा किरु वरच्या किंवा सबंध अंगाला. पँट, बूट, मोजे यांना हाकु, टोपीला काबुरु. चश्म्याचा लावणे वर आलाच आहे. नेसणे, घालणे, लावणे असा फरक जिभेवर खेळवणाऱ्या माणसाला हे जड जाऊ नये.

ही ओळ भरायला दोन मिनिटं लागतात, म्हणून प्रत्येक शब्दाला हा मान देऊ नका. धडा आधी डिक्शनरीशिवाय पूर्ण वाचा. अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलनं रेघ मारा आणि समासात अर्थाचा अंदाज लिहा, चुकला तरी चालेल. दुसऱ्या वाचनात त्यातले काही आपोआप सुटतात. उरलेल्यांपैकी जे त्या धड्यात दोनदा आले किंवा आधी कुठेतरी भेटले होते, असे फार तर आठ वहीत घ्या. बाकीचे फोनवर बघा आणि सोडून द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहीचा अर्थाचा भाग पोस्टकार्डानं झाका आणि तोंडानं म्हणा. न आलेल्यावर टिंब द्या. मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं. तीन टिंबं पडलेले शब्दच फक्त फोनमधल्या अंकी किंवा तसल्या कार्डांच्या अ‍ॅपात घाला. सरसकट सगळे शब्द त्यात ओतले की दोन आठवड्यांत रोजची दीडशे कार्डं साचतात, आणि मग ते अ‍ॅप उघडायचीच भीती बसते. कार्डांची अ‍ॅपं सोडून देणाऱ्या बहुतेकांचं असंच झालेलं असतं.

2010 पासून परीक्षेची अधिकृत शब्दयादी जाहीर होत नाही. जुन्या पद्धतीत मात्र सर्वांत खालच्या पातळीला सुमारे 800 शब्द आणि त्यावरच्या पातळीला सुमारे 1500 धरत, कांज्या अनुक्रमे 100 आणि 300. आजच्या एन-5 आणि एन-4 ला तोच अंदाज पुरेसा आहे. म्हणजे तुमचं अंतर सातशे शब्दांचं. रोज आठ, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे चाळीस. अठरा आठवडे लागतील. परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. कॅलेंडरवर मागे मोजा. आठवडे कमी पडत असतील तर रोजचे आठ वाढवू नका, सहावा दिवस जोडा.

अ‍ॅपांबद्दल एक इशारा. तिन्हींत एकच अर्थ आला म्हणजे खात्री झाली, असं तुम्ही पत्रात म्हटलं आहे. तसं नाही. जपानी-इंग्रजीची बहुतेक फुकट अ‍ॅपं एकाच शब्दसाठ्यावर उभी आहेत. जिम ब्रीन यांनी 1991 मध्ये सुरू केलेल्या एडिक्ट प्रकल्पातून वाढलेला जेएमडिक्ट, तो हा साठा. काम फार मोलाचं आहे, पण विहीर एकच आणि पोहरे तीन. उदाहरणवाक्यंही पुष्कळदा तातोएबा या खुल्या साठ्यातली असतात. त्यातली जपानी वाक्यांची मोठी रास मुळात विद्यार्थ्यांकडून जमवलेल्या संग्रहातून आली, आणि तिच्यात अवघडलेली, चुकीची वाक्यंही आहेत. वाक्य वहीत उतरवायचं तर छापील डिक्शनरीतलं किंवा धड्यातलं उतरवा.

मात्र तुमच्या कामाचे शब्द आले की पारडं फिरतं. छोट्या छापील डिक्शनरीत रुळांची परिभाषा नसतेच. 'माकुरागि' म्हणजे स्लीपर, शब्दशः उशी-लाकूड. 'होसेन' म्हणजे रुळांची देखभाल. 'बुन्किकी' म्हणजे सांधा, पॉइंट्स. हे फोनवर मिळतात, तिथेच बघा. पण नजर ठेवा. 'किदो' (शेवटचा ओ लांब) टाकलंत तर यंत्र सुरू होणे, श्वासनलिका, ग्रहाची कक्षा, रूळमार्ग असं सगळं येतं. त्यातली कक्षा आणि रूळमार्ग यांची तर कांजीही एकच आहे. 'कासेन' म्हणजे नदी आणि कासेन म्हणजेच वरची विजेची तार. घोटाळा नको म्हणून रेल्वेतली माणसं तारेला 'गासेन'ही म्हणतात. या शब्दांसाठी वहीची शेवटची चाळीस पानं राखून ठेवा. एन-4 च्या शब्दांत ते मिसळू नका, परीक्षेत ते येणार नाहीत. खरं तर बडोद्याला असा कोश नवा नाही. राज्यकारभाराच्या संज्ञा आठ भाषांत शेजारी-शेजारी मांडणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' 1931 साली इथेच निघाला. तुमची चाळीस पानं म्हणजे त्याचंच छोटं भावंड.

छापील डिक्शनरी घेताना दुकानात पाच शब्द काढून बघा: काकेरु, वाकारु, ओचिरु, किरु, हाशी. काकेरुला वेगवेगळ्या वाक्यांत दाखवलंय का, वाकारुपाशी 'गा' दिसतो का, ओचिरुजवळ ओतोसुचा उल्लेख आहे का, दोन किरुंचे गट सांगितलेत का, आणि पूल, जेवायच्या काड्या, कड असे तिन्ही हाशी स्वराघाताच्या खुणेसकट वेगळे केलेत का. पाचापैकी तीन जमले तर घ्या. उदाहरणांतल्या कांजीवर फुरिगाना नसेल तर पाचही जमले तरी घेऊ नका. ऑनलाइन मागवत असाल तर आतल्या पानांचे फोटो बघूनच. बाबांचा कोश या कसोटीला उतरणार नाही, पण नेहमीचे शब्द जुने होत नाहीत. मोठ्या शब्दांचे बारीक अर्थ पडताळायला तो कपाटात असू द्या, त्यांनी कौतुकानं आणलाय.

उरलं कॅसिओचं यंत्र. ती यंत्रं मुख्यतः जपानी विद्यार्थ्यांसाठी बनतात. मेनू जपानीत, आतले कोश जपानी माणसाला इंग्रजी शिकवणारे, नोंदींतल्या जपानी वाक्यांवर फुरिगाना बहुधा नाही. एन-4 च्या माणसाला एका शब्दासाठी आणखी चार शोधावे लागतात. एन-2 च्या पुढे, जपानी-जपानी कोश वाचता येऊ लागला की त्याची खरी किंमत कळते: एका कोशातल्या शब्दावरून थेट दुसऱ्यात उडी मारता येते आणि मध्येच कुणाचा मेसेज येत नाही. तेव्हा घ्याल तर बिजागरीपाशी पडद्यावर रेघ पडली आहे का, स्पर्शपट्टीच्या चारही कोपऱ्यांत पेन चालतो का, आणि बॅटरीच्या खाचेत हिरवट गंज आहे का, ते हातात घेऊन बघा. तोपर्यंत त्या नऊ हजारांतले थोडे डिक्शनरीला आणि वहीला पुरतील. एन-3 ला लागलात की जपानी प्राथमिक शाळेतल्या मुलांचा, प्रत्येक कांजीवर फुरिगाना असलेला जपानी-जपानी कोश मागवा. त्यातल्या व्याख्या सोप्या असतात, आणि तेव्हापासून वहीतला मराठी अर्थ कंसात टाकायला हरकत नाही.